ट्विलाच्या हाताजोगं पिस्तूल

डेनी क्रॅबट्रीनं दुकानातल्या काचेच्या पेटीवर हिरवं फडकं अंथरलं आणि ट्विलापुढे पाच छोटी पिस्तुलं मांडली. पाचांतली तीन गुलाबी होती.

“गुलाबी का?” ट्विलानं विचारलं.

“बायकांना आवडतात,” डेनी म्हणाला. “आत एक जांभळंही आहे. काढू?”

“मी घरं विकते, डेनी. बाहुलीचं लग्न नाही लावायचं मला.”

शेजारी उभा असलेला तिचा नवरा गार्लंड खो खो हसला. “जपून रे बाबा,” तो डेनीला म्हणाला. “स्वारी आज तापलेली आहे.”

स्वारी तापलेली होती हे खरं, पण ती आजची नव्हे, महिनाभरची. महिन्यापूर्वी सटन रोडवरचं एक रिकामं घर बघायला एक माणूस आला होता. चांगले बूट, गोड बोलणं, हातात मोजपट्टी. तळघरातली, घर गरम ठेवायची भट्टी बघू म्हणाला. ट्विला पुढे उतरली आणि मागे वळून बघते तर हा जिन्याच्या वरच्या पायरीवर, दार लावून, दाराला टेकून उभा. बोलेना काही, नुसता हसत होता. “चला, वरच्या खोल्या बघू,” ती म्हणाली. “घाई काय आहे?” तो म्हणाला. मग बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र धडधडायला लागलं आणि तो “कळवतो हं” म्हणत दार उघडून निघून गेला. संपलं. शेरीफकडच्या पोलिसानं तक्रार लिहून घेता घेता विचारलं, “मग नेमकं झालं काय?” त्या प्रश्नानं संताप दुप्पट. काहीच झालं नव्हतं, आणि तेव्हापासून तिनं एकही घर दाखवलं नव्हतं. ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या घरांची पत्रकं छापत होती. ज्या कामावर तिनं दोन पोरांची शिक्षणं केली, ते काम एका हसऱ्या हरामखोरानं नुसतं दाराला टेकून बंद पाडलं होतं.

तिला पिस्तूल हवं होतं ते कोटाच्या खिशात मावणारं, बाहेरून न दिसणारं, आणि तिच्या हातांना चालवता येईल असं. यातली शेवटची अट सगळ्यांत मोठी होती, आणि नेमकी ती सोडून बाकी सगळ्यावर हे दोन पुरुष अर्धा तास बोलत होते.

तिच्या अंगठ्यांचे सांधे सुजलेले असायचे. सकाळी दुधाच्या कॅनचं झाकण फिरवायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. तिनं पहिलं पिस्तूल उचललं. हलकं, तळव्याएवढं, दिसायला गोंडस. गोळी आत चढवायची तर वरची स्लाइड मागे ओढावी लागते. तिनं ओढली. स्लाइड जागची हलली नाही.

“बोटांनी नाही, अख्ख्या पंजानं धर,” डेनी म्हणाला.

तिनं अख्ख्या पंजानं धरली, दात आवळले, मनगटातून कळ गेली. स्लाइड अर्धी आली आणि तिच्या तर्जनीची कातडी चिमटून परत गेली.

“दे इकडं.” गार्लंडनं पिस्तूल हातातून काढून घेतलं. खटक. “बघ. किती सोपंय.”

“तुझ्या हाताला सोपंय, गार्लंड. हे जितकं छोटं तितकी त्याची स्प्रिंग कडक, एवढं मलाही कळलं आता. ट्रकएवढं मोठं पिस्तूल असतं तर ओढता आलं असतं.”

“सवय होईल.”

“त्या तळघरात सवय करत बसू का मी?”

यावर दोघांनी एकमेकांकडे बघून जे तोंड केलं ते ट्विलानं पाहिलं. बायको चिडली की पुरुष एकमेकांकडे बघून असं तोंड करतात, जणू बाहेर पाऊस लागलाय आणि तो थांबेपर्यंत उभं राहायचंय. तिनं पाठ फिरवली आणि पेटीच्या खालच्या फळीवर नजर टाकली. तिथं एक जुनं, जाडसर, काळं पिस्तूल धूळ खात पडलं होतं.

“ते काय आहे?”

डेनीनं नाइलाजानं काढलं. त्याच्या बाजूला एक खुंटी होती. ती अंगठ्यानं दाबली की नळी मागच्या अंगानं टुणकन वर यायची. उघड्या नळीत गोळी हातानं ठेवायची, नळी खाली दाबायची, झालं. काढायची तरी तसंच. स्लाइड ओढायचं नावच नाही. ट्विलानं रिकाम्या नळीवर तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा जमलं, आणि महिन्यात पहिल्यांदा तिच्या छातीवरचं काहीतरी जरा हललं.

“हे पाहिजे.”

“हे?” डेनी म्हणाला. “अगं, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं. गोळी बारकी, अंगानं जाड. खिसा फुगतो.”

“लोक हसतील,” गार्लंड म्हणाला.

“कोण हसेल? लपवायचं असतं ना ते?”

पण गार्लंडचं ठरलेलं होतं. तो बेथेल चर्चच्या सुरक्षा पथकाचा प्रमुख होता. रस्ते खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला जगात हा एकच हुद्दा उरला होता, आणि तो त्यानं छातीला लावून मिरवला होता. पिस्तुलाबद्दल त्याला पुष्कळ माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं तेही माहीत असल्यासारखं तो बोलायचा. त्यानं आपल्या पँटच्या पुढच्या खिशातल्या पिस्तुलाची जुळी बहीण उचलली. “हे बांध, डेनी. माझ्यासारखंच. घरात एकसारखी दोन असली की गोळ्यांची मॅगझीनही अदलाबदल करता येतात. आणि ट्विला, पर्समध्ये नाही ठेवायचं हं. खिशात, अंगालगत. पर्स तू कुठेही विसरतेस.”

किती वर्षांपूर्वी ट्विला एकदा, फक्त एकदा, किराणा दुकानाच्या ढकलगाडीत पर्स विसरली होती. ती गोष्ट गार्लंड दर थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या जोडीनं वाढायचा.

“मला हे नको,” ती म्हणाली.

“वाढदिवसाची भेट आहे. भेटीला नाही म्हणतात होय?” आणि त्यानं कार्ड काढून डेनीपुढे सरकवलंसुद्धा. ट्विला पिशवी घेऊन गाडीत येऊन बसली. तिच्या जिवासाठी घेतलेली वस्तू, आणि तिचाच जीव सोडून सगळ्यांचा विचार करून घेतलेली.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये नेहमीसारखं जेवण होतं. पिंटो बीन्स, मक्याचा पाव, हॅम, आणि ट्विलानं केलेलं केळ्याचं पुडिंग. जेवणानंतर गार्लंड सुरक्षेवर चार शब्द बोलणार होता, त्यामुळे तो दुपारपासून आरशापुढे होता. मुलीची मुलगी मेसी, वय वर्षं पाच, आजी-आजोबांबरोबर आली होती आणि लिंबाचं सरबत पिऊन पिऊन आता कुठेतरी गायब झाली होती.

ट्विला तिला शोधत शिशुवर्गाकडच्या बोळात गेली आणि जागच्या जागी थांबली. बोळाच्या टोकाला पोरांच्या संडासाच्या बंद दाराला पाठ लावून एक माणूस उभा होता. दोन्ही हात आडवे पसरलेले. त्याच्यासमोर मेसी पाय आवळून नाचत होती.

“आजी, हा काका मला शूला जाऊ देत नाहीये!”

दाराला टेकलेला माणूस. ट्विलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती वाटायच्या आधी राग आला, आणि त्या रागाचंच तिला बरं वाटलं.

“बाजूला हो,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता बाजूला हो, नाहीतर अख्खं चर्च गोळा करीन.”

तो वेंडेल हस्की होता. नशेच्या पावडरीच्या नादात पेट्रोल पंप लुटायला गेलेला, सात वर्षं तुरुंगात काढून आता पॅरोलवर सुटलेला. टायरच्या दुकानात काम करायचा आणि बुधवारी चर्चची भांडी घासायचा. लोक त्याला तोंडावर ‘ब्रदर वेंडेल’ म्हणायचे आणि दानाची थाळी त्याच्यापुढून जरा भरभर सरकवायचे.

“मिस ट्विला,” तो हलक्या आवाजात म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “बरं झालं तुम्ही आलात. मला हे दार सोडून जाता येत नव्हतं. आत एक वस्तू आहे. मला तिला हात लावता येत नाही. लावला तर मी परत आत जातो. पण पोरं येतायत सारखी. तुम्ही जा. आधी तुम्ही एकट्या जा.”

एवढं बोलून तो दारापासून दूर, पार समोरच्या भिंतीपर्यंत गेला आणि दोन्ही तळहात तिला दिसतील असे धरून उभा राहिला.

ट्विला आत गेली. बुटका कमोड, बदकांची चित्रं, आणि टॉयलेट पेपरच्या डब्यावर, पाच वर्षांच्या पोरीच्या नाकासमोर येईल इतक्या उंचीवर, गार्लंडचं पिस्तूल. मुठीवरचा रबरी पट्टा त्यानं तिच्यासमोर स्वयंपाकघरात बसून चढवला होता. मोठ्या माणसांच्या संडासापुढे रांग असणार, म्हणून हा इकडे आला असणार. पँट खाली घेताना खिशातून पडू नये म्हणून काढून डब्यावर ठेवलं असणार. आणि उठून, हात धुऊन, केस विंचरून निघून गेला असणार. नळीत एक गोळी कायम चढवलेली असते हे तो अभिमानानं सांगायचा. तिनं पिस्तूल भिंतीकडे तोंड करून उचललं आणि गोळी काढायला स्लाइड ओढून पाहिली. हलली नाही. अर्थातच हलली नाही.

तिनं ते कागदी रुमालात गुंडाळलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली आणि पर्स काखेत दाबली. मग मेसीला आत सोडलं.

“कुणाला सांगू नका मी इथं होतो म्हणून,” वेंडेल म्हणाला. “मी आत पाय टाकला, ते बघितलं आणि उलट्या पावली बाहेर आलो. पण माझा पॅरोलचा ऑफिसर असा आहे की पिस्तुलाबरोबर एका खोलीत होतो एवढंही पुरेल त्याला.”

“नाही सांगत,” ट्विला म्हणाली. “आणि वेंडेल, मी मघाशी जे बोलले…”

“पोर तुमची आहे. बोलायलाच पाहिजे.” तो मान खाली घालून स्वयंपाकघराकडे गेला.

ती हॉलमध्ये परतली ती गार्लंडला बाजूला घेऊन, चार शब्द झाडून, पिस्तूल त्याच्या हवाली करायचं ठरवूनच. खरंच तसं ठरवलं होतं. पण ती टेबलापाशी पोचली तेव्हा गार्लंड हवेत दोन बोटांनी काहीतरी नाजूक ओढत होता, तोंड वेडंवाकडं करून, पातळ आवाजात: “‘अगंबाई, ही तर हलतच नाही!’ जॅमची बरणी उघडतेय जशी!” आणि डेनीसकट अख्खं टेबल डोळे पुसत हसत होतं. पास्टर ब्रदर हॉलिससुद्धा.

ट्विला खुर्ची ओढून बसली, पर्स मांडीवर घेतली आणि बीन्स खायला लागली. शोध म्हणावं आता. तुझं तुला कळू दे. तिच्या मांडीवर तिच्या नवऱ्याचं भरलेलं पिस्तूल होतं आणि तो तिच्या अंगठ्यांची नक्कल करत होता. असा राग तिला लग्नापासून कधी आला नव्हता, आणि तो राग तिला केळ्याच्या पुडिंगपेक्षा गोड लागत होता हेही खरं.

गार्लंडला कळलं कसं नाही? कारण खिशात पिस्तुलाचं चामड्याचं कव्हर तसंच होतं. पिस्तूल काढलं तरी कव्हर आत राहतं, खिसा फुगलेला दिसतो, हाताला टणक लागतं. तो दर पाच मिनिटांनी सवयीनं खिसा चाचपायचा आणि समाधान पावायचा.

जेवणं उरकली. गार्लंड उभा राहिला आणि घसा खाकरला.

“बंधूंनो, भगिनींनो. संकट सांगून येत नाही. पिस्तूल घरी कपाटात असून उपयोग नाही, गाडीत असून उपयोग नाही. आणि बायांनो, राग मानू नका, पर्समध्ये तर मुळीच उपयोग नाही. पर्स ठेवता खुर्चीवर आणि जाता गप्पा मारायला. मग ती कुणा पोराच्या हाती लागते.” त्यानं खिशावर थाप मारली. “इथं. अंगालगत. झोप सोडली तर हे माझ्यापासून दूर होत नाही.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान. ट्विलानं चमचा खाली ठेवला.

“दाखव की रे,” डेनी म्हणाला. “कसं बसतं कव्हरात ते दाखव सगळ्यांना.”

गार्लंडनं खिशात हात घातला. हात आत थांबला. मग त्यानं कव्हर बाहेर ओढलं आणि सगळ्यांनी ते बघितलं, रिकामं, तोंड वासलेलं.

त्या क्षणी ‘विसरलो’ एवढा एकच शब्द त्याला बोलायचा होता. ट्विला त्याच शब्दाची वाट बघत होती. तो बोलला असता तर ती उठून त्याच्याजवळ गेली असती, तोंड त्याच्या कानाशी नेऊन म्हणाली असती, माझ्याकडे आहे, घाबरू नकोस. तिनं शपथेवर सांगितलं असतं की ती तसंच करणार होती. गार्लंडचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“कुणीतरी मारलं,” तो म्हणाला.



“दारं लावा,” डेनी उठत म्हणाला. “तू कुठं कुठं गेला होतास?”

“फक्त… तिकडं. संडासात. पोरांच्या.”

“वेंडेल होता तिथं,” मागून कुणी बाई म्हणाली. “मी पाहिलं. दाराशी घुटमळत होता.”

झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी. सगळी डोकी एकदम स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळली. वेंडेल साबणाचे हात घेऊन उभा होता.

“बाहेर ये,” गार्लंड म्हणाला. आवाज मोठा होता, कारण आता त्याला मोठा आवाज लागणार होता. “हात टेबलावर. डेनी, याचे खिसे बघ. ब्रदर हॉलिस, तुम्ही शेरीफला फोन लावा.”

वेंडेल बाहेर आला. त्यानं ओले हात टेबलावर टेकले, पाय फाकवले; हे कसं उभं राहायचं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. ‘मिस ट्विलाला विचारा’ एवढे शब्द बोलला असता तर सुटला असता. तो बोलला नाही. तिच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. डेनीचा हात त्याच्या खिशात गेला आणि ट्विलाची खुर्ची मागे पडली.

“हात काढ त्याच्या खिशातून!”

तिचा आवाज इतका चिरका निघाला की मेसी रडायला लागली. ट्विलानं पर्सची चेन ओढली, कागदी रुमाल सोडला आणि पिस्तूल भिंतीकडे तोंड करून पुडिंगच्या भांड्याशेजारी ठेवलं.

“हे घ्या. कुणी मारलं नाही. तू विसरलास, गार्लंड. पोरांच्या संडासात, कागदाच्या डब्यावर, बदकांच्या चित्राखाली, गोळी चढवलेलं, आणि हात धुऊन निघून आलास. आणि या माणसानं हात पसरून ते दार अडवलं म्हणून तुझ्या नातीच्या हाती लागलं नाही. मेसी आत जात होती, गार्लंड. तुझी मेसी! त्यानं हात लावला नाही, मला आत पाठवलं. आणि तू त्याचे खिसे बघतोस?”

“ट्विला, मला काय माहीत…”

“तुला माहीत होतं! कव्हर रिकामं बघितल्याबरोबर तुला माहीत होतं तू कुठं विसरलास ते. मी बघत होते तुझ्या तोंडाकडे.”

 ब्रदर हॉलिसनं फोन हळूच खिशात टाकला.

“आता रिकामं कर ते,” ट्विला म्हणाली. “मला नाही येत. जॅमची बरणी आहे ना माझ्यासाठी. तू कर.”

गार्लंडनं मॅगझीन काढलं. मग नळीतली गोळी काढायला स्लाइड धरली. त्याचे हात घामानं इतके निथळत होते की बोटं घसरली. दुसऱ्यांदा घसरली. त्या दिवशी दुकानात ‘किती सोपंय’ म्हणणारी तीच बोटं. अखेर डेनीनं पिस्तूल त्याच्याकडून घेतलं आणि ओढलं. पिवळी गोळी टणकन उडाली, फरशीवर पडली आणि घरंगळत टेबलाखाली गेली.

मेसी वाकली. डोळे पुसत पुसत तिनं ती उचलली आणि आजोबांपुढे तळहात धरला. “आजोबा, तुमचं हे पडलं.”

गार्लंड खुर्चीत बसला. चेहरा त्यानं हातांत लपवला. ट्विलाला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. तिनं वेंडेलकडे बघायला मान वळवली, तर स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं आणि ॲप्रन घडी करून ओट्यावर ठेवलेला होता.

घरी गार्लंड रात्री एकच वाक्य बोलला. “चारचौघांत माझी अब्रू घालवलीस.”

“अब्रू तू डब्यावर ठेवून आला होतास,” ट्विला म्हणाली. “मी फक्त उचलून आणली.”

शुक्रवारी ती एकटीच डेनीच्या दुकानात गेली, गार्लंडच्या पिस्तुलाची ती जुळी बहीण पेटीवर ठेवली आणि म्हणाली, “हे परत घे आणि ते खालच्या फळीवरचं काढ.” डेनीनं गार्लंड येतोय का विचारलं नाही. तिनं खुंटी दाबली, नळी वर आली. खोटी गोळी घातली, नळी खाली दाबली. परत उघडली, गोळी काढली. डेनी कंटाळून कोपराला टेकला तरी ती करत राहिली. या वेळी ‘खिसा फुगतो’ असं कुणी म्हणालं नाही.

शनिवारी सकाळी तिनं सटन रोडवरचं तेच घर एका तरुण जोडप्याला दाखवलं. तळघरातही उतरली.  तिथून निघाली ती केळ्याच्या पुडिंगचं भांडं घेऊन टायरच्या दुकानामागे वेंडेल राहायचा त्या चाकांवरच्या ट्रेलरघराकडे.

तो दारात आला. पायरीपासून ती चार पावलांवर असताना त्यानं हात वर केला.

“तिथंच थांबा, मिस ट्विला.”

“का?”

“खिशात आहे ना तुमच्या?”

तिनं नकळत कोटाकडे बघितलं. एकच बाजू लोंबत होती.

“मला त्याच्या आसपास राहता येत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही चांगल्या मनानं आला असाल. पण नाही राहता येत.”

“मी बोलवायला आले,” ती म्हणाली. “बुधवारी या. ब्रदर हॉलिसना फार वाईट वाटलंय. संडासात पाटी लावलीय त्यांनी, ‘बाहेर पडण्यापूर्वी खिसे तपासा’ म्हणून.”

वेंडेल हसला, पण त्यात हसू नव्हतं. “खिसे तपासा! त्या हॉलमध्ये निम्म्या खिशांत पिस्तुलं होती, मिस ट्विला. ज्याच्यात नव्हतं तो एक खिसा तपासला त्यांनी.”

तिनं जड भांडं या हातातून त्या हातात घेतलं.

“आणि तुम्ही जेवत होता,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं त्यात होतं. “मी खिडकीतून बघत होतो. पर्स मांडीवर घेऊन तुम्ही जेवत होता. मला वाटलं, देतील आता, आत्ता देतील. तुम्ही दिलं नाहीत.”

“नाही दिलं,” ती म्हणाली. “गार्लंडची फजिती बघायची होती मला.”

“बघितलीत?”

“बघितली.”

“कितीला पडली, ते मला विचारा.”

भांडं जड होतं आणि अंगठे ठणकत होते. खाली कुठे ठेवावं तेही तिला कळेना. शेवटी तिनं ते पायरीवर ठेवलं, मागे वळून गाडीपर्यंत गेली, खिशातलं पिस्तूल काढलं, खुंटी दाबून नळी उघडली, गोळी काढली आणि दोन्ही गाडीच्या कप्प्यात घालून त्याला कुलूप लावलं. मग गाडीलाही लावलं. कोट हलका झाला. एका माणसाच्या घरात एकटीनं शिरायचं आणि खिशात काही नाही, हे तिला आठवडाभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर ती त्याला वेड्यात काढती.

परत आली तेव्हा वेंडेल अजून दारात उभा होता. त्यानं तिच्या कोटाकडे बघितलं, मग गाडीकडे, मग तिच्याकडे. 

“मला माफी मागायचीय,” ती म्हणाली. “इथं उभी राहून मागू की आत येऊ?”

त्यानं वाकून पुडिंगचं भांडं उचललं. “आत चमचे आहेत,” तो म्हणाला आणि बाजूला झाला, आणि ती आत गेल्यावरही दार त्यानं सताड उघडंच ठेवलं.